अर्धा राहिलेला पूल

खारुताईच्या गावातला नदीवरचा पूल अर्ध्यावर आला आणि काम बंद पडलं. गाव कॉम्प्युटरवरच्या खेळातलं होतं, पण गवंडी खरे होते. एक खारुताई, म्हणजे इयत्ता चौथीतली एक मुलगी, जिला घरात याच नावाने हाक मारत. आणि दुसरे तिचे आजोबा, जे आजीबरोबर दुसऱ्या शहरात राहत.

अर्धांगाच्या झटक्यातून आजोबा वाचले, पण उजवा हात मागेच राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीत ठेवून दिला होता. आपण काय कुकुलं बाळ आहोत का, असा त्यांचा सवाल होता. नातीच्या विटा रचायच्या म्हटलं की मात्र तोच हात मुकाट्याने माउसवर जाई. रोज संध्याकाळी दोघं खेळात भेटत. बोटांत थोडीफार जान आली होती ती या विटांपायी.

मग आईने शिस्त लावली. खारुताई तोवर आईच्याच खात्यातून खेळत असे, आणि खेळण्याच्या नादात तिने आईच्या कामाचं एक फोल्डर उडवलं. आई रुग्णालयाच्या औषध भांडारात होती. तिथे ज्याच्या त्याच्याकडे फक्त आपापल्या कपाटाची किल्ली. तोच नियम तिने घरी आणला, मुलीला मुलांसाठीचं वेगळं खातं काढून दिलं आणि स्वतःचा पासवर्ड बदलला. नव्या खात्यात खेळ उघडला, पण गावाचा पत्ता नाही. ते आईच्या खात्यातच राहिलं होतं. बघू सवडीने, असं म्हणून आईने विषय पुढे ढकलला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आजीचा फोन आला. ती तक्रार करणारी बाई नव्हे. तिने एवढंच सांगितलं की हे पुन्हा हात मांडीवर टाकून बसतात आणि घासही डाव्या हाताने घेतात. फोन ठेवल्यावर आईने आधी मुलीकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, आणि भावाला बोलावून घेतलं.

मामा कॉम्प्युटरमधला जाणकार, निदान स्वतःच्या मते. चहा हातात घेतानाच त्याने निकाल दिला.

"तिला ॲडमिनिस्ट्रेटर करून टाक, ताई. मिटला विषय. घरचीच पोर आहे, चोर थोडीच?"

"एका कपाटासाठी अख्ख्या भांडाराची किल्ली कुणी देतं का?" आई म्हणाली. "दुसरा उपाय सांग. नसेल तर चहा पी आणि जा."

मामाने दुसरा उपाय केला. गावाचं फोल्डर शोधून त्याने ते आईच्या खात्यातून उचललं आणि मुलीच्या खात्यात नेलं. कॉपी केली नाही. एका वस्तूच्या दोन प्रती म्हणजे त्याच्या लेखी पसारा. गाव उघडलं. खारुताई नदीपर्यंत धावत गेली, पुलावर चढली आणि टोकाला वीट ठेवली. वीट दिसली आणि नाहीशी झाली. खाली अक्षरं उमटली, बदल साठवण्याची परवानगी नाही. तिने दुसरी ठेवली. तीही गेली.

"म्हणजे मी माझ्याच गावात पाहुणी," ती म्हणाली. ती रडली नाही, पण खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

मामाने खेळ काढून पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. घोडं तिथेच पेंड खात होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आई पुटपुटली. मग तिने विचारलं, "तू फोल्डर हलवलंस ना? नुसतं हलवलंस?"

"मग? डोक्यावर घेऊन नाचायचं होतं का?"

आईने त्याला खुर्चीवरून उठवलं. भांडारात हे तिने अनेकदा पाहिलं होतं. पेटी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जाते, पण तिच्यावरची चिठ्ठी जुन्याच वॉर्डाची राहते, आणि नव्या वॉर्डातलं कुणी तिला हात लावत नाही. तिने फोल्डरच्या सुरक्षेचं पान उघडलं. गाव मुलीच्या घरात होतं, पण अधिकार अजून आईच्याच नावावर. तिने त्या एकाच फोल्डरवर मुलीचं नाव घातलं, बदल करण्याच्या चौकटीत खूण केली आणि आतल्या सगळ्या फायलींना तेच लागू केलं.

खारुताईने वीट ठेवली. वीट टिकली. मामाने सांगितलं की आपण अगदी हेच सुचवणार होतो. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळ झाली. आजोबा मात्र गावात येईनात. मुलीच्या पडद्यावर लिहून आलं होतं की इतरांबरोबर खेळायला पालकांची मंजुरी हवी.

"मी मागितली होती," ती म्हणाली. "रोज मागत होते. तू देत नव्हतीस."

आईने फोन हातात घेतला. विनंत्या ओळीने पडून होत्या. रोज काम करता करता, जाहिरात समजून, तिने त्या अंगठ्याने बाजूला सारल्या होत्या. तिने फक्त आजोबांच्या नावापुरती मंजुरी दिली आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

नदीपलीकडून एक टोपीवाला गवंडी हळूहळू चालत आला. पुलाशी थांबला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग एक वीट पडली, भलतीच, कठड्याच्या बाहेर. मामा ती काढायला पुढे झाला.

"राहू दे, मामा. ती आजोबांची आहे."

आईने आजीला फोन लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाबांचा कुठला हात आहे गं माउसवर?"

"उजवा," आजी म्हणाली. "आता ठेव. चहा पुढ्यात ठेवलाय, तर म्हणतात, हात रिकामा नाही."

पडद्यावर दुसरी वीट पडली. ही जरा सरळ होती.