मार्गारेटच्या बुडातलं लोखंड

"होडीत ग्रॅनाईटचा ओटा कोण घालतो गो? मला सांग, कोण घालतो?"

प्रेमाने हा प्रश्न लेकीला आठवड्यात चौथ्यांदा विचारला. श्रुतिकाला सातवा महिना लागला होता. आईच्या गोरेगावच्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन ती चिंचेची गोळी चघळत होती.

"आई, तूच विचार ना नितेशला."

"मी? जावयाला?"

खरं तर प्रेमा कोणाच्या बापाला भीत नसे. सोसायटीचा सेक्रेटरी तिला जिन्यात बघितलं की लिफ्टने जायचा. शाळा दुसरीतच सुटली होती, पण तोंडाला कधी सुट्टी मिळाली नव्हती. जावयाची गोष्ट मात्र वेगळी. जावयाला अहो-जाहो, पहिलं ताट त्याचं, आणि जे काय बोलायचं ते त्याची पाठ वळल्यावर. चार वर्षं तिने हा नियम पाळला होता. त्यापायी तिला ॲसिडिटी झाली, असं ती डॉक्टरलासुद्धा सांगून आली होती.

नितेश माणूस कामाचा. लोकांचे फ्लॅट सजवून द्यायचा, शूटिंगसाठी स्टुडिओत खोटे महाल उभे करायचा. मागच्या वर्षी त्याने एका म्हाताऱ्या इंग्रजाची शिडाची होडी घेतली. तो इंग्रज बायकोला घेऊन तिच्यातून अर्धी पृथ्वी फिरला होता आणि गुडघ्यांनी दगा दिला म्हणून वर्सोव्यात थांबला होता. होडी पन्नास वर्षांची, नाव मार्गारेट. प्रेमाची जीभ काही तिथे वळेना, म्हणून ती तिला मार्गाबाई म्हणायची.

मार्गाबाई तिला बघताक्षणी आवडली होती. ओहोटीला होडी चिखलावर टेकवून बूड घासायचं काम चाललं होतं, तेव्हा आरेच्या तबेल्यातली म्हैस निरखावी तशी प्रेमा तिच्याभोवती दोनदा फिरली होती. अंगाने अरुंद, पोटाने खोल, आणि खाली या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत एकसलग जाडजूड कणा. प्रेमाचा बाप देवगडचा तांडेल, गलबत हाकणारा. कौलं उतरवून रिकामं गलबत परत न्यायचं झालं की ते कलंडू नये म्हणून तो आधी बुडात दगड भरून घ्यायचा. त्याला तो नीरम म्हणायचा. मार्गाबाईच्या बुडात दगडांऐवजी लोखंडाच्या विटा रचून वर डांबर ओतलं होतं. "ही वळायला वेळ लावेल," ती तेव्हाच राखणदार नानांना म्हणाली होती, "पण लाटेने आडवी केली तरी उठून बसेल."

"तेच तर मी साहेबांना सांगतोय," नाना म्हणाले होते. "पण साहेब मोबाईलचं ऐकतात."

मग साहेबांनी होडी सजवायला घेतली. डाव्या अंगाला ग्रॅनाईटचा ओटा. बाथरूमला टाईल्स. आणि छपरावर पाण्याची काळी टाकी, बिल्डिंगच्या गच्चीवर असते तशी. "प्रेशर चांगलं येतं, आई," नितेशने कौतुकाने सांगितलं होतं. प्रेमाने जीभ चावली आणि त्याला अजून एक पुरणपोळी वाढली.

सजलेली मार्गाबाई मढपर्यंत जाऊन आली, आणि वाट लागली. डाव्या कुशीवर झुकून चालली. वाऱ्याची झुळूक आली तरी उगाच डोलायला लागली. वल्ह्याची एक होडी तिला मागे टाकून गेली आणि त्यातल्या दोघांनी हात हलवून टाटासुद्धा केला. तो टाटा नितेशला झोंबला. चार रात्री व्हिडिओ बघून त्याने रोगाचं निदान केलं.

"नऊ टनाच्या होडीत साडेतीन टन नुसतं डेड वेट, आई! हल्लीच्या होड्या कशा हलक्या असतात. सोमवारी साकीनाक्याच्या वर्कशॉपची माणसं कटर घेऊन येतायत. सगळं लोखंड बाहेर! मग डिसेंबरात बाळाला घेऊन आम्ही तिघं थेट देवगडला, तुमच्या माहेरी."

प्रेमाच्या हातातली वाटी ताटात पडली. ओटा राहणार, छपरावर टाकी राहणार, आणि बुडातलं लोखंड जाणार. अशा होडीत तिची लेक आणि नातवंड. एक बरी लाट आली की डोकं खाली, बूड वर.

तोंड उघडायचं तर नियम मोडणार. आणि मोडलाच, तरी दुसरी शिकलेल्या सासूचं कोण ऐकतंय? ती हसली. ते हसू श्रुतिकाच्या ओळखीचं होतं. तिने पटकन पाय खाली घेतले.

"नितेशराव," प्रेमा साखरेच्या आवाजात म्हणाली, "रविवारी श्रुतिकाचं डोहाळजेवण होडीतच करूया. लोक हॉलमध्ये पुठ्ठ्याची नाव कापून त्यात मुलगी बसवतात. आपल्याकडे खरी आहे."

नितेश इतका खूश झाला की त्याने लगेच फुलांची ऑर्डर दिली.

आमंत्रणं प्रेमाने स्वतः केली, आणि मान बघून नाही, वजन बघून. तळमजल्यावरची कुंदा पाहिजेच, ती एकटी दोघींच्या जागी. भजनी मंडळातल्या पेटीवाल्या, टाळवाल्या, सगळ्या भरल्या अंगाच्या. जिमला जाणारी गंधाली आपणहून विचारायला आली तेव्हा प्रेमाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बारशाला ये गं. तुझा उपयोग नाही."

रविवारी दुपारी भरतीला मार्गाबाई जेट्टीला बांधलेली. प्रेमाने आधी श्रुतिकाला खाली केबिनमध्ये नेलं, डोलकाठीच्या पायथ्याशी गादी घालून बसवलं. होडी तिथेच सगळ्यात कमी हलते. मग अकरा बायका वर घेतल्या आणि सगळ्यांना टाकीजवळ, डाव्या अंगाला बसवलं. नितेशच्या हातात तिने ओवाळणीचं ताट दिलं, निरांजन पेटवून.

"जरा धरा हं. मी आलेच."

तेवढ्यात मढची फेरीबोट गेली. तिची लाट येऊन लागली आणि मार्गाबाई अशी कलंडली की नऊवाऱ्यांचा एक ढीग झाला.

"अगं बाई! मेले!"

"माझी चप्पल गेली पाण्यात!"

"कुंदाताई, माझ्या मांडीवरून उठा आधी!"

ओटीचा नारळ गडगडत गेला, निरांजन विझलं, तेल नितेशच्या नव्या कुर्त्यावर. नाना जेट्टीवर दोर धरून उभे होते. त्यांनी तोंड समुद्राकडे वळवलं, पण खांदे हलत होते.

"चला गं, खाली चला," प्रेमा म्हणाली, जसं काही झालंच नाही. "फरशीवर बसा, खुर्ची कोणाला मिळायची नाही. आणि उजवीकडे सरका, ओट्याच्या समोर. कुंदा, तू अगदी कडेला."

कुरकुरत, गुडघे धरत सगळ्या खाली बसल्या. होडी हळूहळू सरळ झाली. प्रेमाने निरांजन पुन्हा पेटवून ताट मागोमाग खाली आलेल्या नितेशच्या हातात दिलं आणि खिडकीतून फेरीबोटीची वाट बघत बसली. बोट आली. लाट आली. मार्गाबाईने जराशी मान डोलावली आणि गप्प झाली. निरांजनाची ज्योत तशीच उभी.

नितेशने ज्योतीकडे पाहिलं. मग फरशीवर मांडी घालून बसलेल्या अकरा बायकांकडे. मग वर छताकडे, जिथे टाकीत पाणी अजून डचमळताना ऐकू येत होतं. कामं फ्लॅटची करत असला तरी माणूस हिशोबाचा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आई," तो हळूच म्हणाला, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"छे हो. डोहाळजेवण आहे."

"लोखंड खाली आहे म्हणून ती उठते. आणि मी सगळं जड वर घातलं, एका बाजूला."

श्रुतिकाने तोंडात बर्फीचा अख्खा तुकडा कोंबला. कुंदा मात्र आता कोणती मजा येतेय म्हणून पुढे सरसावली. "जागा सोडू नकोस!" प्रेमा तिच्यावर खेकसली.

"पण आई, स्पीडचं काय?" नितेशने शेवटचा प्रयत्न केला. "वल्ह्याच्या होडीने मागे टाकलं मला."

प्रेमाने पदर खोचला आणि चार वर्षांचा नियम तिथेच वर्सोव्याच्या खाडीत सोडून दिला.

"नितेशराव, आता सासू म्हणून नाही, तांडेलाची पोर म्हणून सांगते. होडी झकास आहे, अक्कल तुमची कमी पडली. गोऱ्याने ती जगाला फेरी मारायला घेतली होती, पोरांशी शर्यत लावायला नाही. टाकी उतरवा, ओटा काढा, बुडाला हात लावायचा नाही. लावलात, तर माझी लेक आणि नातवंड बाळंतपणानंतरही माझ्याकडेच राहतील, तुम्ही एकटे देवगडला जा, पोहत. आणि तो ओटा भंगारात टाकू नका, मी टेपने मोजून ठेवलाय, माझ्या स्वयंपाकघरात बरोबर बसतो. उद्या साकीनाक्याची माणसं येतायत ना कटर घेऊन? त्यांना गोरेगावचा पत्ता द्या."