भिंतीजवळची ओळ

कस्तुराबाई शिक्षिका म्हणून लोणावळ्याहून बदलून तिकोना किल्ल्याच्या पलीकडल्या एका गावी आल्या, तेव्हा शाळेत पोरांच्या तीन ओळी बसत. पुढे हुशार, मधे बरी, आणि मागे भिंतीजवळ दगड. दगड हे नाव हेडमास्तर केरबा गुरुजींनीच दिलेलं. पुढच्यांना ते स्वतः शिकवत, मधल्यांना पाढे घोकायला लावत आणि मागच्यांना स्वतःच्या घरचं पाणी भरायला धाडत.

मागच्यांत डोंगरावरच्या वाडीतली हिरी होती. कुणी पाटी ओढली की ती चावायची, म्हणून तिला कोपऱ्यात एकटीला बसवलेलं. कस्तुराबाईंनी तिला जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की ऐकलेली गोष्ट पोरीला शब्दन् शब्द पाठ होते, पण 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' तिला वेगळे ओळखता येत नाहीत. मग बाई मधल्या सुट्टीत तिच्याकडून मातीत हातभर अक्षरं गिरवून घेऊ लागल्या. मागच्यांना वेगळं बसवून शिकवू, हिरीसारखीला एकटीला वेळ देऊ, असं त्यांनी गुरुजींना सुचवलं. गुरुजी हसले आणि म्हणाले, तुम्ही नव्या आहात.

मार्गशीर्षात तपासणीची खबर आली. तपासणीच्या आदल्या दिवशी हिरीची आई विहिरीवर भेटली.

"बाई, गुरजी म्हन्ले, उद्या पोरीला धाडू नगा, सायेब येनार हाय. आमची पोर दिसली तर शाळंला काय हुतंय?"

बाईंनी चौकशी केली. मागच्या ओळीतल्या प्रत्येक घरी हाच निरोप गेला होता. पाणी भरायला पोरं चालतात आणि साहेबाला दाखवायची मात्र लाज वाटते! बाईंची कानशिलं तापली.

सकाळी त्या स्वतः घरोघर फिरल्या आणि सगळ्यांना घेऊन शाळेत शिरल्या. साहेब खुर्चीत बसले होते. गुरुजींचा चेहरा काळवंडला. साहेबांनी नेमकं हिरीलाच उठवलं. एक ओळ वाचायला तिला इतका वेळ लागला, की पुढची पोरं फिदीफिदी हसायला लागली. हिरीनं कुणाकडे पाहिलं नाही. ओळ संपवूनच ती खाली बसली.

"ही चौथीत आली कशी?" साहेबांनी विचारलं.

"शाळेनं तिच्याकडून पाणी भरून घेतलंय साहेब, तिला शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी प्रतिकूल शेरा मारला आणि ते निघून गेले. मग गुरुजी कडाडले, "शाळेचं नाक कापलंत तुम्ही. एवढा कळवळा असेल तर घ्या ते दगड आणि बसा पडवीत."

"बसते. पण पुन्हा त्यांना दगड म्हणालात, तर तुमच्या घरचं पाणी कोण भरतं ते चावडीवर सांगेन."

दुसऱ्या दिवसापासून मागची ओळ पडवीत बसू लागली. पडवीत थंडी झोंबायची, फळा नव्हता, तरी बाई हटल्या नाहीत. उन्हाळ्यापर्यंत बरीच पोरं लिहा-वाचायला शिकून वर्गात परतली. हिरी पडवीतच राहिली. वाचायची सावकाश, पण वाचायची. चावणं केव्हाच सुटलं होतं.

पुढच्या तपासणीला साहेबांनी पडवीतला वर्ग पाहिला आणि आत जाऊन गुरुजींची पाठ थोपटली. अशी योजना तालुक्यात कुठं नाही, म्हणाले. गुरुजींनी हात जोडून ते कौतुक स्वीकारलं. दारातून बाईंना सगळं ऐकू आलं. त्या तरातरा उठल्या. पण हिरी एका लांबलचक ओळीच्या मधोमध होती, बोट अक्षरावर ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

दात आवळून बाई पुन्हा खाली बसल्या. "वाच पुढं," म्हणाल्या.