ठोकमास्तरांचा जोड

"अहो, माझाच पाय घसरला," ताई सांगत होती. सकाळपासून चौथ्यांदा. आधी डॉक्टरांना, मग नर्सबाईंना, मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला आणि आता त्या म्हातारीच्या सुनेला. "वॉकरला काय धाड भरलीय? माझ्या भावाने स्वतःच्या हाताने केलाय तो. तीस वर्षं झाली त्याला बॉयलरचे पाइप जोडताना!"

सुनेने कौतुकाने भावाकडे पाहिलं. भाऊ पायथ्याशी स्टुलावर बसला होता. त्याने घाईघाईने पाण्याची बाटली उचलली आणि ती भरलेली असतानाही भरून आणायला निघून गेला.

ताईच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. कमरेला मुका मार होता, हाड शाबूत होतं. थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले होते. पण काल शेजाऱ्यांनी तिला रिक्षात घातल्यावर भावाने काय केलं, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. "कुलूप लावून येतो" म्हणून तो मागे राहिला होता. न्हाणीघराच्या दारात वॉकर आडवा पडला होता, त्याचा पुढचा पाय जोडापासून निखळून वेगळा झाला होता. भावाने दोन्ही तुकडे जुन्या चादरीत गुंडाळले, पलंगाखाली सारले आणि मगच कुलूप लावलं. बहीण रिक्षात कण्हत होती आणि हा पुरावा लपवत होता. ते आठवलं की त्याला स्वतःची किळस येत होती.

कारखान्यात त्याला सगळे ठोकमास्तर म्हणत. हातोडीने जोड ठोकायचा, कान लावायचा आणि आवाज कच्चा वाटला की "परत" म्हणायचं, हे गेली बारा वर्षं त्याचं काम. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. ज्याचा जोड परत गेला, त्याला सगळ्यांसमोर तो तुकडा हातात धरून "हा माझा" असं मोठ्याने म्हणावं लागे. हा नियम त्यानेच काढला होता. माणूस एकदा लाजला की पुन्हा चुकत नाही, असं तो म्हणायचा. नवी माणसं त्याच्या पावलांच्या आवाजानेच घामाघूम होत.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ताईला वॉकर सांगितला, तेव्हा, "मी जिवंत असताना बाजारातला वॉकर?" असं म्हणून त्याने एका रविवारी तो करायला घेतला. नळ्या आणल्या एक इंची, पातळ. हात मात्र बॉयलरच्या जाड पाइपांना सरावलेला, आणि तोही बारा वर्षं नुसती हातोडी धरून आखडलेला. वेल्डिंगची कांडी टेकवली की नळीला भोक. करंट कमी केला तर धातू वरच्यावर बसायचा, आत मुरायचाच नाही. चौथं भोक पडल्यावर त्याचं डोकं फिरलं. त्याने वेल्डिंगचे नुसते चार ठिपके मारले, वर पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली आणि निळा रंग दिला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर त्याने त्याला दाराबाहेर काढलं असतं. ताईने रंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दुकानात तरी असा मिळाला असता का?" तो हसला होता. ते हसणं आता त्याला खायला उठलं होतं.

दुपारी तो चादरीचं गाठोडं घेऊन कारखान्यात गेला. कोपऱ्यात डाखवाली बाई बसायची. तांब्याच्या नळ्या गॅसच्या आचेवर जोडायची. लोखंड वितळवत नाही ते कसलं जोडकाम, असं ठोकमास्तरांचं मत, आणि ते मत त्यांनी कधी पोटात ठेवलं नव्हतं. "काय बाई, दागिने घडवताय का?" हा त्यांचा रोजचा विनोद. बाई रोज ऐकून घ्यायची.

"हे जोडायचंय," तो म्हणाला.

तिने गाठोडं सोडलं. तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. पुट्टीचा कपचा तिच्या नखाबरोबर निघून आला.

"कुणी केलंय हे?"

"बाहेरून करून घेतलं होतं."

"मग त्याला बोलवा की. उभा करा इथे. नियम तुमचाच आहे, मास्तर."

ती चिडून बोलली नव्हती, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. तो पॅंटला हात पुसत राहिला. शेवटी पुटपुटला, "माझाच आहे."

"मला ऐकू आलं," बाई म्हणाली. "पण गेल्या महिन्यात माझ्या बहिणीच्या पोरीला तुम्ही तीनदा म्हणायला लावलंत, आवाज पोचत नाही म्हणून."

त्याने वॉकरचा तो पाय उचलला, वळला आणि शेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "हा माझा!" ग्राइंडर थांबले. वीस-बावीस माणसं बघत होती. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. एकेकाने खाली बघितलं, जणू लाज त्यांनाच वाटत होती, आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाले.

"बसा," बाई म्हणाली. "हे धरा नीट, हलवू नका."

तिने रंग खरवडला, फट साफ केली, आच लावली. "पाइप आणि नळी एक नव्हे, मास्तर. तुमच्या पाइपातून वाफ जायची, म्हणून आतल्या पोकळीचा हिशेब. एक इंची म्हणायचं आणि बाहेरून सव्वा इंचाच्याही वर भरायचा. अंगाने जाड, तुमची कांडी सोसतो. नळी बाहेरून मोजायची, एक इंच म्हणजे एक इंच. तिच्यावर माणसाने भार टाकायचा असतो, पण अंग पातळ. तिला असं गोंजारून घ्यावं लागतं." लोखंड लाल झालं, वितळलं नाही. तिने पितळेची कांडी टेकवली आणि पितळ पाण्यासारखं फटीत शिरलं, भोवताली फिरून आलं. "तांब्याच्या पत्र्याला नुसता डाख चालतो, त्याला एवढीही आच लागत नाही. पण त्यावर कुणी उभं राहत नाही. ज्याचं काम त्याला विचारावं."

"विचारलं असतं तर तुम्ही केलं असतं?"

"केलं असतं. आधी थोडं छळलं असतं."

संध्याकाळी तो वॉर्डात परतला तेव्हा त्याला जरा हलकं वाटत होतं. एवढ्या लोकांसमोर बोललो, आता ताईसमोर काय अवघड, असा त्याचा हिशेब. शेजारची म्हातारी झोपली होती. तो खाटेजवळ वाकला.

"ताई, तुझा पाय घसरला नव्हता. माझा जोड सुटला."

"हळू बोल," ती म्हणाली.

"मी तो नीट केलाच नव्हता. वरवर ठिपके मारले आणि पुट्टी लावली."

"माहीत आहे मला."

त्याला वाटलं, काल पडताना कळलं असेल.

"महिनाभर कुरकुरत होता तो पाय," ताई छताकडे बघत म्हणाली. "रंगाला चीर गेलेली बोटाला लागायची. मी त्या बाजूला भार कमी टाकायचे. काल आदल्या रात्रीच्या गोळीने डोळ्यांवर झापड होती, विसरले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ताई प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत राहिली. "तुला चूक दाखवायची म्हणजे... लहानपणापासून तू आठ-आठ दिवस बोलत नाहीस रे. या वयात तेवढं सोसत नाही मला. त्यापेक्षा म्हटलं, जपून चालू."

कारखान्यात वीस माणसांसमोर बोलताना त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं नव्हतं. आता वाटलं. महिनाभर ताई वॉकरच्या मोडक्या पायावर न्हाणीघरापर्यंत जात होती, कारण त्याच्या फुगलेल्या तोंडापेक्षा तिला ते सोपं वाटलं होतं.

दिवे लागले. नर्सबाई येऊन म्हणाल्या, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय, थोडं चालून बघा. भाऊ आहेत ना, धरतील."

त्याने डोळे पुसले आणि पुढे होऊन कोपरात वाकवलेला हात तिच्यासमोर धरला. ताई खाटेच्या कडेला आली, पाय जमिनीला टेकवले. उजव्या हाताने तिने त्याचा हात पकडला. लगेच उठली नाही. आधी थोडा भार टाकून पाहिला. तो हलला नाही. मग तिने आणखी थोडा टाकला, आणि उठून उभी राहिली.