हारुयो आँटीचं बटण

एरवी मी हुशारी मिरवते, पण त्या दिवशी अक्कल गहाण टाकली होती. सरकारी तपासनीस येणार म्हणून मी हारुयो आँटीला सकाळीच आंघोळ घातली, केस विंचरले, निळा ब्लाऊज चढवून सगळी बटणं लावली. पाहुणा आला आणि घरातलं म्हातारं माणूस गबाळं दिसलं, तर आम्हा फिलिपिन्सच्या इलोकानो बायकांचं नाक कापलं जातं ना!

हवाई बेटांवर, वाइपाहूतल्या माझ्या घरी मी पैसे घेऊन म्हातारी माणसं सांभाळते; आँटी सहा वर्षं राहते. तिची शिल्लक संपल्यापासून तिचा खर्च सरकार देतं. पण तिला माणसाची मदत लागतेच, हे दरवर्षी कागदावर सिद्ध करावं लागतं. 'जमतं' अशा खुणा जास्त झाल्या की पैसे बंद. मग तिच्या पुतण्याच्या गॅरेजमध्ये खाट, आणि दिवसभर जवळ कुणी नाही. हे मी तिला तीनदा बजावलं होतं. तिनं तीनदा मान डोलावली होती.

तपासनीस पुआ मॅडम आल्या आणि ही बया ताठ बसली. उसाच्या मळ्यात वाढलेली. कुणाचं ओझं व्हायचं नाही, हे रक्तातच. जेवण? स्वतः जेवते. आंघोळ? स्वतः करते. दर उत्तराला मॅडमचं पेन 'जमतं'वर खूण करायचं. आँटी खोटं बोलते, असं मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पैसे तुम्हालाच मिळतात, मग तुमचं ऐकून कसं चालेल? संताप आला, पण त्यांचं बरोबर होतं.

मग त्यांनी आँटीला गळ्याजवळचं बटण काढून परत लावायला सांगितलं.

ते कसंबसं निघालं. लावताना मात्र काजापाशी येऊन निसटत राहिलं. माझा हात सवयीनं पुढे गेला; मी तो मांडीखाली दाबून धरला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. आँटीच्या कपाळावर घाम आला. देवा, लागू नये, असं मी मनात म्हणत होते आणि स्वतःचीच लाज वाटत होती.

शेवटी तिनं हात खाली ठेवले.

"नाही जमत," ती मॅडमना म्हणाली. "आठ महिने हीच लावते. आंघोळही हीच घालते. लिहा."

वर्षाची सोय झाली. मॅडम गेल्यावर मी बटण लावायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"राहू दे, एस्तेलिता. आज नको."

संध्याकाळपर्यंत ते उघडंच होतं. जेवायला बसताना तिनं माझ्याकडे न बघता हनुवटी वर केली. मी बटण लावलं.