साईराजची बोलकी पेटी

बेळगुंदीत आक्काताईंच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. साऱ्यांची नजर कोपऱ्यातल्या लाकडी पेटीवर. पेटीवर वायरींचं जंजाळ, फिरवायच्या आठ खुंट्या आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर तांबडा दिवा. दिवे ओळीनं पेटत आणि दर दिव्याला एक सूर निघे. आठवा झाला की पुन्हा पहिला. वाजवणारं मात्र कुणीच नाही!

आक्काताईंचा साईराज अपघातात गेल्याला वर्ष झालं होतं. पेटी त्यानंच बनवलेली. अलीकडं धूळ पुसताना आक्काताईंचा हात बटणाला लागला आणि ती वाजू लागली. शेजारच्या गंगव्वानं बोंब ठोकली, "साईराज आलाय गं!" रोज माणसं जमू लागली, पाठोपाठ नादानंद महाराज अवतरले. असल्यांना वास बरोबर लागतो.

महाराजांनी निरांजन उचललं, डोळे पांढरे केले. "ब्रह्मांडाच्या सातव्या तारेवरनं उतर, बाळा! आईवर राग हाय का?" निरांजन मागं गेलं, सूर खाली उतरला. "न्हाय म्हणतोय! माझ्या मठात येतोस?" निरांजन पेटीजवळ आलं, सूर सरसर चढला. "व्हय म्हणाला!"

लोकांनी हात जोडले. आक्काताई म्हणाल्या, "मग मलाबी त्याच्यासंगं न्या." घराला कुलूप घालून कणकुंबीच्या मठात जायचं त्यांनी ठरवूनच टाकलं. वर्षभर त्या घरात भांड्यांशिवाय कशाचाच आवाज नव्हता. आता लेक बोलत होता. त्याला एकट्याला कसं पाठवायचं?

"महाराज, जरा सरका," पारमिता पुढं आली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कॉलेजात असताना साईराजला हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र, जोडायला तिनंच मदत केली होती.

"आत्म्याला परका हात चालत न्हाय!" महाराज गरजले.

"आत्मा माझा दोस्तच हुता." पेटीच्या कडेला डाळीएवढा काचेचा डोळा होता. तिनं त्यावर अंगठा ठेवला. सूर खाली आला. अंगठा काढला, सूर चढला. "ह्यो उजेड वळखणारा सेन्सर. उजेड वाढला की सूर चढतोय. निरांजनच पायजे असं न्हाय." तिनं मोबाईलची बॅटरी लावली. "साईराज, महाराज लबाड हाईत का रं?"

पेटी किंचाळलीच. सोपा हसून लोळला. महाराजांना एकाएकी कणकुंबीची बस आठवली.

आक्काताई हसल्या नाहीत. "मग वाजवतंय कोण?"

"कोण न्हाय, काकी. वीज एका खुंटीवरनं दुसऱ्या खुंटीवर जाती. खुंटी जेवढी फिरवलीया, तेवढा सूर. साईराजनं फिरवून ठेवलेल्या तशाच हाईत."

आक्काताईंनी पहिल्या खुंटीकडं बोट नेलं आणि मागं घेतलं. तिला धक्का लागला तर लेकानं लावलेला सूर मोडला असता.

गर्दी पांगली. गंमत संपल्यावर थांबतो कोण?

"मला कळत हुतं गं थोडं," आक्काताई म्हणाल्या. "निरांजन फुडं आलं की चढतोय, दिसत हुतं. पर माणसं यायची. च्या टाकायला कोण तरी हुतं. पोरगं गेल्यापास्नं कोण आलतं सांग?"

वाचकहो, मेलेलं माणूस पेटीतून बोलत नाही. आवाज कशानं निघतो ते स्वतः तपासून बघा, कुणाच्याही डोळे पांढरे करण्याला भुलू नका. आणि शेजारी कुणी एकटं बसलं असेल, तर महाराजांच्या आधी तुम्ही जा.

आक्काताईंनी आपल्याच हातानं बटण बंद केलं. दिवे विझले, घर चिडीचूप झालं.

"लगेच जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. पारमिता पिशवी खाली ठेवून बसली.