दोरापलीकडची माणसं

सहा वर्षं ज्या मैदानावर घरचा म्हणून बेसबॉल खेळलो, तिथेच त्या दिवशी परका म्हणून उतरलो. साल १९०९, हंगामाचा शेवटचा सामना. पाय जड झाले म्हणून ब्रॅकेट्सबर्गच्या संघाने मला काढलं आणि शेजारच्या मिलफोर्कने उचललं. आमचा मॅनेजर क्विगली भारी फटकळ. सकाळीच म्हणाला, "प्रोथेरो, आज झेल सुटला तर पुढच्या वर्षीचं विसर. जा परत कोळशाच्या खाणीत." नऊ वर्षांचा असताना मी त्या खाणीत उतरलो होतो. काही झालं तरी परत जायचं नव्हतं.

बाकं भरली होती, म्हणून उरलेल्या लोकांना मैदानाच्या टोकाला, मी क्षेत्ररक्षण करायचो तिथे माझ्या पाठीमागे, दोर बांधून उभं केलेलं. दोरापलीकडे चेंडू पडला की फलंदाजाला आणि आधीच धावत असलेल्यांना दोन-दोन बेस, म्हणजे अर्धी धाव; पण पडायच्या आत गर्दीत शिरून झेलला तर फलंदाज बाद. आणि सगळ्या गावांची रीत एकच. घरचा खेळाडू झेल घ्यायला धावत आला की गर्दी मागे सरते, परका आला की भिंत होऊन उभी राहते. चांगली सभ्य माणसंसुद्धा हो! मी कुठल्या तोंडाने तक्रार करणार? सहा वर्षं दोरावरून उडी मारून मीच तसले झेल घेतले होते.

दोराला खेटून ड्रेशर खाटीक उभा. दर शनिवारी मला न चुकता शिव्या घालणारा.

"काय प्रोथेऱ्या, काठी आणलीस का?"

"आधी तुझं मटण चावायला दात आणलेत."

"अरे, निदान पळ तरी! माझ्या दुकानात टांगलेला बोकड तुझ्याहून जास्त हलतो!"

शेवटचा डाव. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचे दोन गडी बाद, दोघे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. चेंडू गर्दीत पडला की दोघंही धाव पूर्ण करणार आणि आम्ही हरणार. आणि नेमका चेंडू उडाला तो माझ्या डोक्यावरून! मी वर बघत मागे धावत सुटलो. आता कोपरं बसणार, मेलो मी, एवढंच डोक्यात.

काहीच लागलं नाही. माझ्याभोवती माणसं होती, पण हातभर लांब. मी हात उंचावला, चेंडू हातमोज्यात बसला आणि मी गुडघ्यांवर आपटलो. पंच धापा टाकत आला, "बाद!" म्हणाला.

मग लोक ड्रेशरवर तुटून पडले. "खाटक्या, वाट का दिलीस त्याला?"

"सवय रे! सहा वर्षं सरतायत, पाय आपोआप सरले. तुमचे नाही सरले?"

सगळ्यांचेच सरले होते. कोणी फार ताणलं नाही.

ड्रेशरने मला हात देऊन उठवलं. मी म्हणालो, "ड्रेशर, तुझे उपकार..."

"चल, नीघ! पुढच्या वर्षी ये म्हणजे झालं. शिव्या घालायला मला माणूस लागतो."

त्यानंतर मी तीन हंगाम खेळलो. त्या माणसाला मी रोज दुवा देतो. पाय सवयीने सरतात, कबूल. पण हात देताना त्याच्या तळव्यावर मला दोराचा लाल वळ दिसला होता. मला आता ती उडी जमणार नाही, हे ओळखून त्याने दोर माझ्या डोक्यावर उचलून धरला होता.