क्याई दुदोचा दट्ट्या

नवरा घरी बसू नये म्हणून बायकोनं काय काय करावं, याला म्हणे काही मर्यादा असते. असेल बाई. मला कुणी सांगितली नव्हती.

माझा नवरा लेगिमान आमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेचं इंजिन सांभाळायचा. डच लोकांनी बसवलेलं जुनं धूड. त्याच्या जोडीचं दुसरं इंजिन जपान्यांनी उचलून नेलं, तेव्हापासून सगळे त्याला क्याई दुदो म्हणतात, म्हणजे विधुरबुवा. वर्कशॉपच्या छपराखालून एक लांब लोखंडी दांडा जातो, त्यावरून पट्टे खाली उतरतात आणि त्या पट्ट्यांवर लेथ, ड्रिल, सगळं फिरतं. दांडा फिरवतो क्याई दुदो. उसाच्या आगगाडीचं चाक झिजलं, चरकाचा दात तुटला, सगळं दुरुस्तीला इथेच येतं. तो रुसला की अख्खा कारखाना हात चोळत बसतो.

आणि त्या वर्षी तो रुसला तो नेमका हंगामाच्या तोंडावर. आत दट्ट्या झिजलेला, वाफ त्याच्या कडेनं पळून जायची, आणि बुवा नुसता खोकायचा. मोठे साहेब म्हणाले, "उसाच्या लग्नाच्या दिवसापर्यंत हे चाललं पाहिजे. नाहीतर विजेची मोटर बसवतो. इंजिन भंगारात आणि लेगिमान घरी."

आमच्याकडे गाळप सुरू करण्याआधी दोन उसांना नवरा-नवरी सजवून त्यांचं लग्न लावतात. ते तर तोंडावर आलेलं. इंजिन भंगारात म्हटल्यावर फिटर लोक रडवेले झाले. मी ऐकलं ते वाक्याचं शेपूट. लेगिमान घरी!

तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? अहो, घरी बसलेला इंजिनवाला टिकत नाही. जुमादी बॉयलरवरून घरी आला आणि त्याच आंब्याच्या मोसमात वारला. त्याच्या आधीचा तर निरोपाचं जेवण पचायच्या आत गेला. मला विधवा व्हायची हौस नव्हती. "इंजिनाशिवाय माझा माणूस जगायचा नाही," हे मी विहिरीवर सांगितलं, बाजारात सांगितलं, कुणाच्या मयताला गेले तर तिथेसुद्धा सांगून आले.

आता नवा दट्ट्या कातायचा तर लेथ हवा, आणि लेथ फिरायला क्याई दुदो हवा. घ्या! शेवटी बॉयलरवाले, फिटर, साहेबांचा ड्रायव्हर, सगळ्यांनी मिळून मोठ्या चाकाला दोर बांधला आणि रस्सीखेच केल्यासारखा ओढला. पट्टे कण्हत फिरले, आणि लेगिमाननं लेथवर उभं राहून दट्ट्या कातला. जुना शेजारी ठेवून, माप घेत घेत, तस्साच. दोन्ही एकत्र ठेवले तर नवा कुठला तो रंगावरूनच कळायचा. सगळ्यांनी वाहवा केली. तो काही बोलला नाही. बोलतो कधी तो?

दट्ट्या बसवला. वाफ सोडली. क्याई दुदो चार फेरे फिरला, शिंकला आणि थांबला. काढला, पुसला, परत बसवला. परत शिंकला.

तेव्हा म्बाह द्रोनोनं, म्हणजे द्रोनो आजोबांनी, तोंड उघडलं. म्हातारा पूर्वी आमच्याच वर्कशॉपात लोहार होता. आता माझ्या टपरीच्या बाकावर बसून कॉफी पितो आणि सगळ्यांचे शुभ-अशुभ दिवस काढून देतो.

"एवढं सारखं केलंत?" म्हातारा म्हणाला. "अरे, बापासारखं हुबेहूब पोर जन्मलं की दोघांतला एक आजारी पडणारच. लोखंड झालं म्हणून काय झालं?"

हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं, सुचलं नव्हतं एवढंच. असं पोर झालं की आईबाप त्याला सुपात घालतात, उकिरड्यावर नेऊन टाकतात, आणि आधी ठरलेलं माणूस येऊन उचलतं. मग ते पोर त्या माणसाचं. खऱ्या बापाशी नातं तुटलं की धोका टळला. माझ्या धाकट्या दिराला असाच टाकला होता. तो शेजारणीला सापडला, आणि मेला अजून दोन्ही घरी जेवतो.

"दट्ट्या टाका," म्बाह द्रोनो म्हणाला.

"आणि उचलायचा कुणी?"

"मी उचलते!" मीच ओरडले. दुसऱ्या कुणावर कसला भरवसा ठेवायचा?

म्हाताऱ्यानं हिशेब केला. उचलणाऱ्यानं पश्चिमेकडून यायचं, फुलं घेऊन यायचं, आणि धुराड्याच्या टोकाला पहिलं ऊन लागलं की मगच यायचं. पहाटे लेगिमाननं आणि मंडळींनी सूप उकिरड्यावर ठेवलं, दट्ट्याला झाडूनं जरासं झाडल्यासारखं केलं आणि मागे वळून न बघता निघून गेले. मी ठेवणीतली नवी केबाया चोळी घालून केळीच्या आडोशाला उभी. शेजारी म्बाह द्रोनो. दोघांची नजर धुराड्यावर.

आणि आभाळ भरून आलं. ऊन कसलं लागतंय! धुराडं काळं आणि आभाळही काळं.

"जाऊ का?"

"थांब."

"म्बाह, उजाडलं की!"

"उजाडलं म्हणजे ऊन लागलं का? थांब म्हणतो ना."

एवढ्यात सायकलची घंटी वाजली. मात्रावी! मदुरा बेटावरून आलेला भंगारवाला. गावात कुठे खिळा पडला तरी त्याला झोपेत कळायचं. तो उतरला, सुपाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं.

मी झेप घ्यायला गेले तर म्हाताऱ्यानं मागून माझी केबायाच धरली. "वेळ झाली नाही!"

"अहो, तो घेऊन चाललाय!"

"अवेळी उचललंस तर पोर दगावेल!"

त्या दोघांत मी अशी अडकले की नुसती तडफडले. मात्रावीनं दट्ट्या उचलला, मागच्या टोपलीत ठेवला, सूपही सोडलं नाही मेल्यानं, आणि पायडल मारलं. तो वळणाआड गेला आणि धुराड्यावर लख्ख ऊन पडलं.

"आता जा," म्बाह द्रोनो म्हणाला. त्या वेळी माझ्या हातात फुलांऐवजी मुसळ असतं तर बरं झालं असतं.

आम्ही सगळे वरात काढून मात्रावीच्या अंगणात गेलो. मात्रावी आधी घाबरला. "चोरी नाही केली मी. उकिरड्यावर होतं."

"चोरी कोण म्हणतंय?" म्बाह द्रोनो म्हणाला. "ते पोर आहे. क्याई दुदोचं. टाकलेलं. तुला सापडलं, म्हणजे आता तू त्याचा बाप."

म्हाताऱ्याचा बेत असा, की माणूस शरमेल आणि देऊन टाकील. पण मात्रावी आणि त्याची बायको मिस्ना यांना मूलबाळ नव्हतं. किती वैद्य केले, किती ठिकाणी जाऊन आले. मात्रावीनं टोपलीत वाकून बघितलं आणि आत हाक मारली, "अगं मिस्ना, बाहेर ये. आपल्याला पोर झालंय."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. ती बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं विचारलं, "कसं दिसतं?"

झालं! मात्रावी दट्ट्या द्यायला तयार, पण बाप म्हणूनच. त्याचं नाव ठेवलं ब्रुद्दिन. मिस्नानं त्याला खोबरेल आणि चरबी कोमट करून चोळलं. कापडात गुंडाळायला गेली तर कापड घसरे. मग तिनं साखरेच्या पोत्यांची अंबाडीची सुतळी उसवली, त्याच चरबीत भिजवली आणि दट्ट्याभोवतीच्या खाचांत घट्ट गुंडाळली. "मानेच्या वळ्यांतूनच थंडी शिरते पोराला," ती म्हणाली.

वर्कशॉपमध्ये फिटर म्हणाले, "ही सुतळी काढा. इंजिनात असलं काही घालतात का?"

मात्रावी आडवा उभा राहिला. "महिना होईपर्यंत पोराचं बाळुतं सोडायचं नाही. बाप मी आहे की तू?"

उसाचं लग्न दुसऱ्या दिवशी. वाद घालायला वेळ कुणाला होता? तस्सा, सुतळीसकट दट्ट्या आत ठोकून बसवला. वाफ सोडली. क्याई दुदो चार फेरे फिरला. आम्ही शिंकेची वाट बघत उभे. शिंक नाही. सुतळी फुगली, तिनं सगळी फट बुजवली, आणि विधुरबुवा असा मऊ फिरायला लागला की छपराखालचे पट्टे आनंदानं फडफडले म्हणा ना. मिस्ना दारात उभी राहून रडत होती. "खेळतोय," ती म्हणाली.

उसाच्या लग्नाचं जेवण झाल्यावर साहेब स्वतः वर्कशॉपमध्ये आले. सुतळीचं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी लेगिमानच्या पाठीवर थाप मारली. "मोटर रद्द. आता तुला आणि क्याई दुदोला कुणी हलवणार नाही. जिवंत आहेस तोवर ही खुर्ची तुझी!"

मी घरी जाऊन कोंबडी कापली.

संध्याकाळी लेगिमान ताटावर बसला आणि भाताकडे बघत राहिला.

"अहो कांग, जेवत का नाही तुम्ही?" मी विचारलं. "चालतंय ना ते?"

"चालतंय."

"मग सुतकी तोंड कशाला?"

त्यानं ताट जरासं बाजूला सारलं. मग म्हणाला, "पोनिरा, झिजलेल्या दट्ट्याच्या मापानं नवा कातला तर तो झिजलेलाच होणार. हे मला कळत नव्हतं असं वाटतं तुला?"

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा पळी हातातच राहिली.

"मुद्दाम केलंत?"

"थकलोय गं. मला वाटलं, एकदाचं मरेल ते आणि मी घरी येईन."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत!"

"तूच गावभर सांगत होतीस, इंजिनाशिवाय हा जगायचा नाही म्हणून. सगळ्यांना एवढं ठाऊक आहे म्हटल्यावर मला वाटलं, असेलही खरं."

मी आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. माझा मलाच असा राग आला की काही विचारू नका. या माणसाला मी जिवाच्या भीतीनं त्या खुर्चीला बांधून घातला होता, आणि आज तर जन्माची गाठ मारून आले होते.

पण रडून काय होतं? सकाळी मी वर्कशॉपच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. मात्रावी आणि मिस्ना आलेच, पोराला बघायला. तिच्या हातात तेलाची वाटी.

"काय रे मात्रावी," मी म्हटलं, "आत पोर तुझं. आणि त्याच्या उशाशी दिवसभर कोण बसतं?"

"लेगिमानभाऊ बसतात की."

"तेच म्हणते मी. बाप धडधाकट असताना पोराला परक्याच्या हातात टाकतात का तुमच्या मदुऱ्यात? आमच्यात तर नाही बाई."

मात्रावीचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. तो तडक साहेबांच्या दारात गेला. साहेब म्हणाले, "वेड लागलं का? भंगारवाल्याला इंजिन देऊ?" मात्रावी म्हणाला, ठीक आहे, मग पोर घेऊन जातो. साहेबांनी म्बाह द्रोनोला बोलावलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "बाप म्हणतोय तर घेऊन जाऊ द्यावं लागेल." बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, चरक फिरतोय, आणि वर्कशॉप बंद पडलं तर जबाबदार कोण? साहेबांनी घाम पुसला आणि खुर्ची मात्रावीला दिली. काही दिवस लेगिमाननं त्याला झडपा, तेल, पाण्याची पातळी दाखवणारी काच, सगळं दाखवलं. मात्रावी शिकला. हट्टी माणूस, आणि पोराची काळजी. मग लेगिमाननं त्याच्या हातात पाना दिला, हात धुतले आणि रस्ता ओलांडून घरी आला.

पहिल्या दुपारी मी सारखी डोकावून त्याचा श्वास चालतोय का ते बघत होते. जुमादी डोळ्यांपुढे आला. मी आत वांगी चिरत होते, लेगिमान पडवीत बसलेला. मधे हातभर अंतर नाही, एक भिंतसुद्धा धड नाही. आणि तो एकदम गरजला, "पोनिराऽऽ! पाणी आण गंऽऽ!"

हातातली सुरीच पडली माझ्या. "ओरडता कशाला एवढं? शेजारी पळत येतील! पट्टे फिरतायत का इथे? मी इथेच तर आहे."

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. घशातला आवाज कसा खाली आणायचा ते आठवत असल्यासारखा जरा थांबला.

"हो की," तो हळूच म्हणाला. "इथेच आहेस."

मी त्याला पाणी दिलं आणि वांगी तिथेच ठेवून त्याच्याजवळ बसले.